३ फूट, ७ फूट, पावणेआठ फूट: छपराचा कोन तीन रीतींनी तीन वेगळा येतोय, कुणी सांगेल का?

परसातला फणस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गणिताचा आणि माझा संबंध दहावीला ५२ मार्कांवर संपला होता तो आज पुन्हा जोडायची वेळ आलीये म्हणून हा धागा, हसू नका.

गावचं घर राजापूरजवळ, जांभ्या चिऱ्याचं, जुनं. गणपतीला सगळी भावंडं येतात तेव्हा जागा पुरत नाही म्हणून मागच्या अंगाला एक पडवी काढतोय. लोखंडी पाइप, वर पत्रा, एकाच बाजूला उतार, बस्स. वेल्डरला म्हटलं दादा अँगल किती ठेवायचा, तर तो म्हणे पस्तीस बाय पस्तीस बाय पाच. मी म्हटलं अहो लोखंडाचा अँगल नाही, उताराचा. तर म्हणे ते तुम्ही सांगायचं, मी पाइपाचं तोंड त्या डिग्रीत कापून देतो.

तर मापं अशी घेतली. भिंतीवर जमिनीपासून ११ फुटांवर खूण केली, तिथे पाइप टेकणार. बाहेरचे खांब उभे झालेत, ते ८ फूट. म्हणजे फरक ३ फूट. भिंतीपासून खांब ७ फूट. आणि भिंतीवरच्या खुणेपासून खांबाच्या टोकापर्यंत तिरकी टेप लावली तर ७ फूट ९ इंच, म्हणजे ७.७५.

लेक नववीत आहे, तिने सांगितलं बाबा काटकोन त्रिकोण आहे, कुठल्याही दोन बाजू माहीत असल्या की कोन निघतो. साइन म्हणजे समोरची भागिले कर्ण, कॉस म्हणजे लगतची भागिले कर्ण, टॅन म्हणजे समोरची भागिले लगतची, आणि मग फोनवर त्याचं उलटं बटण. उत्साहात तिन्ही केली.

साइनने (३ भागिले ७.७५): २२.७७ डिग्री
कॉसने (७ भागिले ७.७५): २५.४१ डिग्री
टॅनने (३ भागिले ७): २३.२० डिग्री

आता एकाच कोनाची तीन उत्तरं कशी? लेक म्हणते बाबा तुम्ही बटण चुकवलं, मी म्हणतो तुझं सूत्र चुकलं, आणि बायको म्हणते वेल्डर रविवारी येणार आहे.

---

झटपट

टॅन वापरा, २३.२, विषय संपला. उभं आणि आडवं माप घेणं सगळ्यात सोपं असतं, तिरकं माप कशाला घेत बसलात.

---

चौथी गल्ली

एवढं गणित कशाला करायचं. मिस्त्री लोक ३-४-५ चा त्रिकोण वापरतात ना, तो ३०-६०-९० चा असतो. ३० ठेवा, कोकणात पाऊस जास्त, पाणी पटकन जाईल.

---

निवृत्त मास्तर

चौथी गल्ली, थांबा थांबा. हा गैरसमज मी ३१ वर्षं वर्गात खोडत आलोय आणि तरी तो मरत नाही. ३-४-५ मध्ये ९० चा कोन असतो एवढंच मिस्त्रीला हवं असतं, बाकीचे दोन कोन ३० आणि ६० नसतात. ते ३६.८७ आणि ५३.१३ असतात. ३०-६०-९० मध्ये कर्ण हा छोट्या बाजूच्या बरोबर दुप्पट लागतो, आणि ५ काही ३ च्या दुप्पट नाही. तिथे बाजूंचं गुणोत्तर १ : √३ : २.

गवंडी पाया आखताना एका दोरीवर ३ फूट आणि दुसरीवर ४ फूट खुणा करतो आणि खुणांमधलं तिरकं अंतर ५ आलं की म्हणतो गुण्यात (काटकोनात) आलं. ते पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास वापरणं झालं. आम्ही तो व्यत्यास फळ्यावर शिकवायचो आणि पोरं झोपायची. गवंड्याला त्याचं नाव माहीत नसतं पण तो कधी चुकत नाही.

धागाकर्त्यांना उत्तर रात्री देतो, मापांत मला काहीतरी खटकतंय.

---

चौथी गल्ली

बरं सर, चूक मान्य. मी शाळेत झोपणाऱ्यांपैकीच.

---

आळशी मांजर

माझ्या फोनवर टॅनचं उलटं केलं तर ०.४०४९ येतंय?? म्हणजे अर्धा अंश पण नाही. छप्पर काय सपाट टाकायचंय का

---

एक्सेलशीट

मांजरबाई तुमचा फोन रेडियनमध्ये आहे, ते कोन मोजायचं दुसरं एकक. ०.४०४९ रेडियन म्हणजेच २३.२ डिग्री. कोपऱ्यात रॅड/डेग असं बटण असेल ते दाबा. एक्सेलमध्ये पण हीच भानगड, एटॅन फंक्शन नेहमी रेडियनमध्ये उत्तर देतं, त्याला बाहेरून डिग्रीज फंक्शन लावावं लागतं नाहीतर १८० ने गुणून पायने भागायचं. ऑफिसात एकाने महिनाभर रेडियनला डिग्री समजून शीट चालवली होती, कुणाला कळलं नाही कारण सगळेच आकडे सारखेच चुकीचे होते.

अजून एक, साध्या कॅलक्युलेटरवर शिफ्ट न दाबता नुसतं टॅन दाबलं तर ०.४२८६ चा टॅन निघतो, ०.००७५ वगैरे काहीतरी. आणि टॅनच्या डोक्यावर जो उणे एक लिहितात तो घातांक नाही हो, एक भागिले टॅन नाही. तो फक्त "उलट जा" असं सांगतो. हे चिन्ह ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याला पोरांची हाय लागली असणार.

---

टेपवाला

बटणं बिटणं जाऊ द्या. मी पायथागोरस लावला. ३ चा वर्ग ९, ७ चा ४९, बेरीज ५८. ७.७५ चा वर्ग ६०.०६. काटकोन असता तर दोन्ही सारखे आले असते आणि तिरकं माप ७.६२ म्हणजे ७ फूट साडेसात इंच आलं असतं. तुमचं ९ इंच आलंय. दीड इंच जास्त.

म्हणून तीन उत्तरं. साइन कॉस टॅनची ती गुणोत्तरं काटकोन त्रिकोणातच चालतात. तुमचा त्रिकोण काटकोन नाहीये साहेब.

---

परसातला फणस

टेपवाले दादा, दीड इंच टेपने चुकलं असेल की. टेप मध्ये झोळ खाते.

---

टेपवाला

झोळ खाल्ला तर माप वाढतं हे खरं, पण पावणेआठ फुटाच्या स्टीलच्या टेपला दीड इंच वाढायला झोळ केवढा लागेल विचार करा, मध्यभागी सात-साडेसात इंच खाली लोंबलेली असेल. दुसऱ्या टोकाने बघू. ७ आणि ७.७५ खरं मानलं आणि काटकोनही खरा मानला, तर उंचीतला फरक ३ नाही, ३.३३ फूट म्हणजे ३ फूट ४ इंच पाहिजे. चार इंच कोण चुकतं?

---

निवृत्त मास्तर

टेपवाल्यांनी नस पकडली. मी फक्त आकडा पुढे नेतो. तीन बाजू माहीत आहेत आणि काटकोनाची खात्री नाही, तर कोसाइन नियम लावायचा. दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेतून तिसरीचा वर्ग वजा करा आणि पहिल्या दोन बाजूंच्या गुणाकाराच्या दुपटीने भागा, त्या दोन बाजूंमधल्या कोनाचा कॉस मिळतो. इथे ५८ वजा ६०.०६२५ = उणे २.०६२५. भागिले २ × ३ × ७ = ४२. उत्तर उणे ०.०४९१. उणे आलं म्हणजे विशालकोन. कोन येतो ९२.८ अंश.

म्हणजे ज्याला तुम्ही काटकोन म्हणताय तो पावणेतीन-तीन अंशांनी उघडलेला आहे. आता तो का उघडलाय ते तुम्हालाच जागेवर बघावं लागणार. जुनी भिंत आहे, कललेली असू शकते.

---

परसातला फणस

सर भिंत कललेली नाही, ओळंबा सोडून बघितलाय, वेल्डरनेच सोडला होता. खांबही ओळंब्यात आहेत. आजोबांनी बांधलेलं घर आहे, चिरे गावच्याच खाणीतले, भिंतीला नावं ठेवू नका कृपया.

---

सीएनसी काका

भिंत सरळ, खांब सरळ. मग एकच प्रश्न. ते ७ फूट तुम्ही कुठून मोजले? हवेत की जमिनीवर?

---

परसातला फणस

जमिनीवर टेप टाकून. अंगणात. का?

---

सीएनसी काका

अंगण सपाट आहे?

---

परसातला फणस

सपाटच आहे की

---

परसातला फणस

थांबा.

मागच्या अंगणाचं पाणी बाहेर आगरात जातं. म्हणजे थोडा उतार असणारच. पण तो डोळ्याला दिसत पण नाही हो

---

सीएनसी काका

झालं तर मग. डोळ्याला दिसत नाही पण टेपला दिसतो. तुम्ही ११ फूट भिंतीपाशी जमिनीपासून मोजले आणि ८ फूट खांबापाशी जमिनीपासून मोजले, आणि या दोन जमिनी एका पातळीत नाहीत. खांबापाशी जमीन जेवढी खाली तेवढं खांबाचं टोकही खाली गेलं. म्हणजे खरा उभा फरक ३ फूट अधिक अंगणाचा उतार. आणि ७ फूट हे माप आडवं नाहीच, ते पण तिरकंच आहे, किंचित.

आता गंमत बघा. अंगणाचा उतार किती फूट ते माहीत नाही, त्याला "उ" म्हणू. खरी उंची ३ + उ. खऱ्या आडव्या अंतराचा वर्ग ४९ वजा उ चा वर्ग. दोन्हींचे वर्ग मिळवले तर ९ + ६उ + उ चा वर्ग + ४९ − उ चा वर्ग. उ चा वर्ग कटतो. उरलं ५८ + ६उ. हे ६०.०६२५ च्या बरोबर. उ = २.०६२५ भागिले ६ = ०.३४ फूट. इंचात सव्वाचारला थोडं कमी, नेमकं सांगायचं तर ४ इंच १ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग).

तुमचं अंगण ७ फुटांत ४ इंच उतरतंय. ट्यूब लेव्हल (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून बघा, मी पैज लावतो.

---

निवृत्त मास्तर

वा! आणि ४ इंच १ सूत हा उतार ७ फुटांवर म्हणजे २.८ अंश. माझा कोन ९२.८ आला होता. ९० आणि २.८. इतकं चपखल जुळताना बघितलं की निवृत्त झाल्याचं वाईट वाटतं.

---

अर्धवटराव

मास्तर रडू नका, पोरांची तोंडी घ्या इथेच.

---

झटपट

म्हणजे माझं २३.२ पण चूक?

---

सीएनसी काका

तिन्ही चूक. खरी उंची ३.३४ फूट, तिरकं ७.७५. साइनने कोन २५.५६. खरं आडवं अंतर ६.९९ फूट, त्याने टॅन काढला तरी २५.५६. आता कुठूनही गेलात तरी एकच उत्तर येतं कारण आता त्रिकोण काटकोन आहे. भिंतीपाशी पाइप उभ्या भिंतीला टेकणार असेल तर सरळ छेदापासून साडेपंचवीस डिग्री फिरवून कापायला सांगा. दुसरा लघुकोन ९० मधून वजा करून, ६४.४४. तो लागणार नाही पण लिहून ठेवा, काही मशीनवर आकडे उलट्या बाजूने असतात आणि मग वेल्डर ६४ आणि २५ मध्ये घोटाळा करतो, पाइप वाया जातो. स्वानुभव. दोन वेळा.

---

व्हीलचेअर रॅम्प

या धाग्यावर माझाही प्रश्न बसतो म्हणून इथेच विचारते. आईसाठी सोसायटीच्या दारात रॅम्प करून घेतला, १ ला १२ सांगितला होता. कंत्राटदार म्हणतो दिलाय. मी नुसतं रॅम्पवरून तिरकं माप आणि खालचं आडवं माप घेतलं, कॉसने काढलं, एकदा साडेतीन आलं, दुसऱ्यांदा जवळजवळ सहा. दोन्ही वेळा मापात पाव इंचाचा फरक फार तर. असं कसं?

---

टेपवाला

ताई तुमचा प्रश्न धागाकर्त्यापेक्षा भारी आहे. १ ला १२ म्हणजे ४.७६ डिग्री. १२ फूट आडवं धरा म्हणजे १४४ इंच, उंची १२ इंच, तिरकं येतं साधारण १४४.५. म्हणजे तिरकं आणि आडवं यात अख्खा अर्धा इंच फरक! त्यात तुमची टेप पाव इंच इकडे तिकडे झाली तर फरक निम्मा तरी होतो नाहीतर दीडपट. तिरकं १४४.२५ वाचलं तर कॉसने कोन ३.४, १४४.७५ वाचलं तर ५.८. तेच उंची मोजून टॅन लावला असता तर पाव इंच चुकूनही ४.६७ ते ४.८६ च्या आतच राहिलात.

थोडा उतार असेल तर कॉसच्या वाटेला जायचंच नाही. कॉस शून्याजवळ जवळपास हलतच नाही, आणि जे हलत नाही त्यावरून कोन ओळखायचा म्हणजे घड्याळाच्या तासकाट्यावरून सेकंद सांगण्यासारखं. उलट अगदी खडी शिडी असेल, ८० वगैरे, तर साइनचं तेच होतं. टॅनला दोन्हीकडे चालतं, म्हणून झटपट म्हणाले ते रीत म्हणून बरोबरच होतं, फक्त माप खरं आडवं आणि खरं उभं पाहिजे.

---

व्हीलचेअर रॅम्प

अच्छा! उंची मोजलीच नव्हती. संध्याकाळी मोजते.

---

घाटमाथा

अवांतर: उतार टक्क्यात सांगतात तेव्हा अजून घोळ होतो. १०० टक्के उतार म्हणजे ९० अंश असं बऱ्याच जणांना वाटतं, तो ४५ असतो, जेवढं आडवं तेवढं उभं. रेल्वेवाले १ ला अमुक असं बोलतात. खंडाळ्याचा बोरघाट आणि कसाऱ्याचा थळघाट दोन्ही १ ला ३७, अंशात केवळ दीड. दीड अंशाला मागून इंजिनं लावावी लागतात! माथेरानची छोटी गाडी १ ला २० चढते, ती २.८६ अंश. म्हणजे धागाकर्त्याचं अंगण माथेरानच्या गाडीइतकं चढाचं आहे.

---

अर्धवटराव

मागच्या अंगणातून टॉय ट्रेन सुरू करा, गणपतीला आलेल्या भावंडांकडून तिकिटं घ्या

---

नववी अ ची आई

मुलाचा सराव चाललाय, परीक्षेत कॅलक्युलेटर चालत नाही. त्याला विचारलं की ५-१२-१३ च्या त्रिकोणाचे कोन किती तर म्हणे आई ३०-४५-६० सोडून आम्हाला काही विचारत नाहीत. पण कॅलक्युलेटरशिवाय काढायचेच म्हटले तर काढता येतात का?

---

निवृत्त मास्तर

येतात, आणि झकास येतात. सगळ्यात लहान बाजू घ्या, तिला १७२ ने गुणा. खाली मधली बाजू अधिक कर्णाची दुप्पट. भागा. लहान बाजूसमोरचा कोन अंशात मिळतो.

५-१२-१३ ला: १७२ × ५ = ८६०, खाली १२ + २६ = ३८, उत्तर २२.६३. खरं उत्तर २२.६२. ३-४-५ ला: ५१६ भागिले १४ = ३६.८६, खरं ३६.८७. आणि धागाकर्त्यांच्या छपराला लावून बघितलं, २५.५७ येतं. एका अंशाच्या शंभराव्या भागाची चूक. यातला १७२ कुठून आला तर ३ × १८० भागिले पाय = १७१.९, तो गोल केलाय. युरोपात पंधराव्या शतकात निकोलस ऑफ क्युसाकडे ही कल्पना दिसते आणि पुढे १६२१ मध्ये स्नेलने तिच्यावर काम केलं. मोठी बाजू घेऊन मोठा कोन काढायला जाल तर चूक वाढते, म्हणून लहानच काढायचा आणि ९० मधून वजा करायचा, कोटिकोन.

आपल्याकडेही आहे बरं का. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचं ज्येचं सूत्र आहे, ज्यात सारणीशिवाय नुसत्या कोनावरून साइन निघतो. ते उलटं फिरवलं की कोन मिळतो. आजच्या भाषेत: कर्णाने भागलेल्या समोरच्या बाजूला ४०५०० ने गुणा, आणि गुणण्याआधीची तीच संख्या अधिक ४ याने भागा. ते ८१०० मधून वजा करा, वर्गमूळ घ्या, ९० मधून वजा करा. ३-४-५ साठी ०.६ × ४०५०० = २४३००, भागिले ४.६ = ५२८२.६, वजा करून २८१७.४, वर्गमूळ ५३.०८, कोन ३६.९२. बघा, पाच शतांश अंशाची चूक. जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वीचं आहे हे.

---

चौथी गल्ली

सर हे लीलावतीतलं ना? भास्कराचार्य आपल्या चाळीसगावकडचे म्हणतात.

---

निवृत्त मास्तर

दोन भास्कर आहेत, घोळ करू नका. सूत्र पहिल्या भास्कराचं. लीलावतीवाला दुसरा, पाचशे वर्षांनंतरचा, ११५० मधला. पण तुमचं अगदीच चूक नाही, लीलावतीत त्याच सूत्राचं जीवेचं रूप आहे आणि जीवेवरून चाप काढायची उलटी रीतही दिलीय, म्हणजे धागाकर्त्यांचाच प्रश्न, बाजूवरून कोन. चाळीसगावजवळ पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने मठ काढला होता, त्यांचेच ग्रंथ शिकवायला, त्याचा शिलालेख आहे. आम्ही शाळेची सहल नेली होती, पोरांना धबधबा आवडला.

आणि "साइन" हा शब्द आपल्या "ज्या" वरूनच फिरत फिरत गेलाय, ज्या-जीवा, अरबीत जिबा, तिथून तो जैब वाचला गेला, जैब म्हणजे झग्याची घडी, त्याचं लॅटिन भाषांतर सायनस. फोनवरच्या बटणावर आज जे लिहिलंय ती एका चुकीच्या वाचनाची पुण्याई.

---

परसातल्या फणसाची लेक (बाबांच्या आयडीवरून)

सर नमस्कार. मला एक विचारायचंय. ३-४-५ चा कोन ३६.८७ च का येतो, पूर्ण ३७ का नाही? मी ५-१२-१३, ८-१५-१७, ७-२४-२५ सगळी त्रिकुटं करून बघितली, एकही कोन पूर्ण येत नाही. २८.०७, १६.२६, असंच काहीतरी.

---

निवृत्त मास्तर

बाळ, ज्या प्रश्नाला तू हात घातलास तो पदवीला शिकवतात. येतच नाही कधी. पायथागोरसचं कुठलंही त्रिकूट घे, पूर्णांक बाजूंचं, त्याचा लघुकोन पूर्ण अंशात येणार नाही, अर्ध्या अंशात नाही, पाव नाही, कुठल्याच अपूर्णांकात नाही. दशांश चिन्हापुढे तो चालतच राहतो. नायवेनचं प्रमेय म्हणून आहे: कोन अंशात परिमेय असेल आणि त्याचा साइनही परिमेय असेल तर तो साइन ०, १/२ किंवा १ (किंवा त्यांचे उणे) एवढाच असू शकतो. आता १/२ घेतला तर ३० अंश, पण तिथे कॉस √३/२ होतो, मग तिन्ही बाजू पूर्णांकात येत नाहीत. म्हणजे बाजू गोऱ्यागोमट्या असतील तर कोन वाकडे आणि कोन सरळ असतील तर बाजू वाकड्या.

तू चार त्रिकुटं करून बघितलीस हेच खरं. बाबांना सांग दहावीला ५२ चं काही वाटून घेऊ नका.

---

परसातला फणस

सर तिने मोठ्याने वाचून दाखवलं घरात. धन्यवाद आणि थोडं नाही धन्यवाद.

---

सुतारपक्षी

उशिरा आलो. माझे वडील सुतार, त्यांना डिग्री हा शब्दच माहीत नव्हता, कौलारू घरांच्या कैच्या केल्या त्यांनी पन्नासेक. ते विचारायचे "फुटाला किती?" म्हणजे एक फूट आडवं गेल्यावर किती इंच चढतं. गुण्याच्या (काटकोनी पट्टीच्या) एका पानावर १२ इंच आणि दुसऱ्या पानावर चढाचे इंच धरले आणि वाशावर टेकवून रेघ मारली की झाला कोन. उभ्या पानाची रेघ भिंतीकडचा छेद, आडव्या पानाची रेघ खालच्या पाटावरचा. कोन मोजलाच नाही, नुसता उचलून ठेवला.

तुमचं काढलं मी: २५.५६ चा टॅन ०.४७८, गुणिले १२ = ५.७४. म्हणजे फुटाला पावणेसहा इंच. वेल्डरला डिग्रीचं मशीन नसेल तर हे सांगा, १२ आणि ५ इंच ६ सूत.

एक सांगायचं राहिलं, पाइप पावणेआठ फुटांवर संपवू नका, पागोळ्या खांबावरच पडतील. दीड फूट तरी पुढे काढा. पण तेवढ्यात पत्र्याची कड अजून पावणेआठ इंच खाली येते, म्हणजे बाहेरची कड जमिनीपासून सव्वासात फुटांच्या आसपास. अंगण पुढे अजून उतरतंय त्यामुळे एखादा इंच जास्तच मिळेल. उंच माणसं असतील घरात तर बघा.

---

श्रीवर्धनी

पुढे काढाल ते जपून. जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीत जे पत्रे उडाले त्यात पुढे आलेल्या कडा धरून वारा आत शिरला असं माझं बघितलेलं आहे. पत्र्याला हुक जवळ जवळ मारा, कडेच्या ओळीला तर नक्कीच. कोन साडेपंचवीस की सव्वीस याने फार फरक पडत नाही, हुकांनी पडतो.

---

व्हीलचेअर रॅम्प

उंची मोजली. १२ फुटांना १६ इंच. टॅनने ६.३४ डिग्री, म्हणजे १ ला ९. कंत्राटदाराला फोटोसकट पाठवलंय. तो आधी म्हणाला डिग्री वगैरे आम्हाला कळत नाही, मग मी म्हटलं फुटाला एक इंच ठरलं होतं ते सव्वाच्या वर दिलंत, तेव्हा गप्प बसला. सुतारपक्षी यांचे आभार.

---

परसातला फणस

मंडळी रविवारचा रिपोर्ट.

शनिवारी रात्री गावी पोचलो, सकाळी सात वाजता ट्यूब लेव्हल. वेल्डर नळी धरून भिंतीपाशी, मी खांबापाशी, लेक मध्ये वही घेऊन. पाणी स्थिर व्हायला दोन मिनिटं, नळीत बुडबुडा होता तो काढण्यात दहा मिनिटं. उतार निघाला चार इंच दोन सूत. काकांनी सांगितला होता चार इंच एक सूत. एक सुताचा फरक!! सीएनसी काका, पैज जिंकलात, फणस पाठवायचा पत्ता व्यनि करा.

वेल्डरला २५.५६ सांगितलं तर तो हसला, म्हणे माझ्या कटरवर रेघा पाच-पाच डिग्रीच्या आहेत. मग २५ च्या रेघेच्या केसभर पुढे लावून एक तुकडा कापला, भिंतीला लावून बघितला, वरच्या बाजूला सूतभर फट. पुढचे मग गुण्यावर १२ आणि पावणेसहा धरून चुन्याने रेघ मारून कापले, ते एकदम बसले. त्यालाही ती रीत माहीत होती, म्हणे आधी सांगायचं ना, तुम्ही डिग्री विचारत बसलात म्हणून मी डिग्री सांगत बसलो.

अंगण सपाट करून टाकू का असं मी आईला विचारलं, पडवीत खुर्च्या डगडगतील म्हणून. ती म्हणाली हात लावू नको. आजोबांनी तो उतार दोरी आणि घमेल्यातल्या पाण्यावर काढला होता, त्याआधीच्या पावसाळ्यात मागचं पाणी थेट माजघरात आलं होतं.

खुर्च्यांच्या पुढच्या पायांखाली पाट देणार. किती जाडीचा ते लेक काढतेय, खुर्चीच्या पायांत दीड फूट अंतर आहे.

---

टेपवाला

पाऊण इंच, वर एक सूत. तिला सांगू नका, काढू द्या.